पुठ्ठ्याचा जटपुरा दरवाजा

परवा एका शाळेच्या प्रदर्शनात चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजाचं मॉडेल बघितलं. रंगकाम सुरेख, पण बुरूज कललेला. डिंक भरपूर होता, सांधा एकही नव्हता.

खोक्याच्या पुठ्ठ्यात आत नागमोडी कागद असतो. त्याच्या नळ्या उभ्या ठेवल्या तर पुठ्ठा वजन पेलतो, आडव्या ठेवल्या तर दबतो. निम्मं काम इथेच होतं.

दोन पट्ट्या एकमेकींत अडकवायच्या तर एकीला वरून, दुसरीला खालून निम्म्या उंचीपर्यंत खाच पाडा. खाच पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच रुंद हवी. जरा सैल झाली की सांधा डुगडुगतो. नीट बसलेल्या अशा जाळीवर दरवाजाचा माथा डिंकाशिवायही टिकतो.

बुरुजाच्या गोलाईसाठी आतल्या बाजूने, नळ्यांच्याच दिशेने, रिकाम्या बॉलपेनने रेघा दाबा. पुठ्ठा न फाटता वळतो.

कोपऱ्यांत आतून त्रिकोणी तुकडे चिकटवा.

आपल्याकडच्या पावसात पुठ्ठा ओल धरतो, म्हणून शेवटी वॉर्निशचा हात द्या. कापलेल्या कडा विसरू नका, ओल तिथूनच शिरते.

जटपुरा जमला की चंद्रपूरचेच पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर दरवाजेही करा. कुठे अडलं तर मॉडेलचा फोटो टाकून विचारा, नक्की सांगेन.