वाजवून घेता न येणारी बॅट

मडकं घेताना आपण ते वाजवून घेतो. जाणता खेळाडू जुनी बॅटही तशीच घेतो. पात्यावर चेंडू ठोकून बघतो. धड बॅट खणखणीत वाजते, आत चीर असेल तर आवाज बद्द येतो. ऑनलाइन खरेदीत ही सोय नाही. घेणाऱ्यापुढे असतात चार फोटो. आवाज, तोल, हँडलचं किंचित हलणं त्यांत दिसत नाही. पार्सल उघडल्यावर ते हाताला कळतं आणि मग फोन येतो, ‘हे परत घ्या.’

ग्वाल्हेरसारख्या खेळावर जीव असलेल्या शहरात हा प्रश्न जवळचा आहे. १९३२ आणि १९३६च्या ऑलिंपिकमध्ये हॉकीचं सुवर्णपदक जिंकलेल्या संघांतले रूपसिंग याच शहरात राहत. त्यांचं नाव दिलेल्या स्टेडियमवर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने नाबाद २०० धावा केल्या. लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षण संस्था इथे १९५७पासून आहे, महिला हॉकी अकादमीही आहे. मुलं भराभर वाढतात, बॅटचा नंबर आणि स्टिकची लांबी दोन वर्षांत बदलते. लष्कर भागातल्या एखाद्या मराठी घराने माळ्यावरची किट बॅग विकायला काढली, तर पुण्या-नागपुरातल्या एखाद्या मुलीची ती पहिली किट होऊ शकते. म्हणून हा व्यवहार सरळ व्हायला हवा.

आधी कायदा पाहू. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष निघाला किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. घरातली एखादी वस्तू खासगीरीत्या विकणाऱ्याला हे नियम लागू होत नाहीत. नेमाने जुनं सामान घेऊन विकणाऱ्याला मात्र होतात. पण घरगुती विक्रेताही मोकळा सुटत नाही. १९३०च्या माल विक्री कायद्यानुसार वर्णन करून विकलेला माल वर्णनाप्रमाणेच असावा लागतो. तो तसा नसेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ‘मला हा नको’ एवढं ग्राहकाने कळवलं तरी पुरतं. माल परत पोचवण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. म्हणजे चुकीच्या वर्णनाचा परतीचा खर्च विकणाऱ्याच्याच खिशातून जातो.

तो खर्च थोडाथोडका नसतो. अनेक कुरिअर कंपन्या आकारावरून वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुधा ५,०००ने भागायचं. ९० बाय ३५ बाय ३५ची किट बॅग या हिशेबाने २२ किलोंची ठरते, आत सामान आठ किलोंचं असलं तरी.

तेव्हा जाहिरात लिहितानाच दोष सांगून टाकावा. बॅटच्या खालच्या टोकाचा, कडांचा आणि हँडलच्या सांध्याचा जवळून फोटो काढा. ग्रिप सोडवून आतला दोरा दाखवा. काट्यावर ठेवून वजन दाखवा. रॅकेटच्या फ्रेमवरची केसाएवढी चीर बोट ठेवून दाखवा. आणि बॅट वाजवून दहा सेकंदांचा व्हिडिओ करा. घेणाऱ्याला करता न येणारी परीक्षा आपण त्याच्यासाठी करायची. जोरदार चेंडू बसलेलं हेल्मेट मात्र विकूच नका. आतला तडा बाहेरून दिसत नाही.

परतीची अटही पैसे घेण्याआधी लिहून पाठवावी: पार्सल मिळाल्यापासून ४८ तासांत कळवायचं, घरात तपासायचं, मैदानावर न्यायचं नाही. तपासणं आणि खेळणं यांत फरक आहे. चेंडूचे ताजे लाल डाग पडलेली बॅट पाठवली तशी राहिलेली नसते. वर्णन चुकलं तर दोन्ही वेळचं भाडं विकणाऱ्याचं, नुसतं मन बदललं तर घेणाऱ्याचं. पॅकिंग करतानाचा आणि परत आलेलं पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ ठेवा. बॅट बदलून आली की तीच आहे यावर वाद राहत नाही. पैसे ज्या खात्यातून आले त्यातच परत करा. रिफंड घेणाऱ्यानेही लक्षात ठेवावं: यूपीआयवर पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही. कुणी तो मागितला तर फोन ठेवून द्या. धंदेवाईक विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते.

एवढं करूनही एखादी स्टिक परत येईल. येऊ द्या. वाद न घालता ती हातात घ्या, वाजवून बघा. आवाज बद्द आला तर ती परत पाठवणारी मुलगी खरं बोलत होती. पैसे त्याच दिवशी परत करा आणि तीच जाहिरात पुन्हा टाकू नका. निवड चाचणीच्या सकाळी तडकलेली स्टिक कुणा मुलीच्या हातात गेली, तर तिचं जे नुकसान होईल ते कुठल्याही रिफंडने भरून येत नाही.