नव्या स्कूटरचे तेलपाणी

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या दारात नवी स्कूटर आली आणि त्याच संध्याकाळी घरात दोन पक्ष पडले. वाद रंगावरून नव्हता, किमतीवरूनही नव्हता. तो होता तेलावरून. पुतण्याचे म्हणणे असे की, कारखान्यातून भरून आलेले तेल दुसऱ्याच दिवशी काढून टाकावे आणि फुल सिंथेटिकची महागातली बाटली ओतावी. शेजारचे गुरुजी म्हणाले, "छे छे! सिंथेटिक घालाल तर रिंगा बसायच्याच नाहीत. साधे मिनरल घाला, आणि तेही जाड. माजलगावचे ऊन काय थोडे आहे?" सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानदाराने तर तेलात मिसळायची आणखी एक इवलीशी बाटली पुढे सरकवली होती, ती पुतण्याने खिशातून काढून टेबलावर ठेवली.

गाडी जिची, ती आमची धाकटी, किल्ली बोटात फिरवीत गप्प उभी होती. आणि सौ. स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे पाहात होती. त्या पाहण्याचा अर्थ आम्हा दोघांनाच ठाऊक. तो वाचकांना सांगायचा तर चाळीस वर्षे मागे गेले पाहिजे.

वडिलांनी १९७५ साली माझ्या नावाने बजाज चेतकची नोंदणी केली आणि गाडी हाती आली १९८४ साली. आजच्या तरुणांना हे खोटे वाटेल. पण त्या काळी पैसे हातात असले तरी स्कूटर मिळत नसे, नंबर लागावा लागे. मधल्या काळात माझे लग्न झाले, नोकरी लागली, गावाजवळ सिंदफणेवर धरणाची भिंत उभी राहू लागली. गाडीचा मात्र पत्ता नाही. अशी नऊ वर्षे वाट पाहून आलेली वस्तू! तिला कुठे ठेवू नि कुठे नको, असे मला झाले होते.

चेतकचे इंजिन दोन स्ट्रोकचे. त्यात तेलाची वेगळी टाकी नसे. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे. प्रमाण दोन टक्के, म्हणजे पाच लिटरला शंभर मिलिलिटर. तेच तेल पेट्रोलबरोबर आत जाऊन पिस्टनला वंगण द्यायचे आणि जळून धुरावाटे बाहेर पडायचे. गाडी नवी असेपर्यंत मेकॅनिक हात थोडा सैलच ठेवायला सांगत. पण मला तो निळा धूर बघवेना. त्यात प्लग दोनदा काळा झाला, आणि पेट्रोल भरताना भेटलेल्या एका सद्गृहस्थाने सल्ला दिला, "तेल निम्मे करा, गाडी कशी फुलासारखी पळेल." मी निम्मे केले. गाडी खरोखरच हलकी पळू लागली, आणि मी स्वतःला मोठा जाणकार समजू लागलो.

तिसऱ्या आठवड्यात सौ.ची केजच्या एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. डी.एड. होऊन तिला दोन वर्षे झाली होती. मे महिन्याचे दिवस, मुलाखत अकराला. तेलगाव मागे टाकून धारूरचा घाट चढू लागलो. मागे सौ., तिच्या मांडीवर प्रमाणपत्रांची पिशवी, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, मूठ पुरती पिळलेली. अर्ध्या घाटात इंजिनाचा आवाज एकाएकी बारीक झाला, जोर गेला, आणि मागचे चाक जागच्या जागी आवळले. आम्ही पडलो नाही, एवढेच नशीब.

मिस्त्रींनी पुढे मला ती गोष्ट समजावून दिली. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते. नव्या इंजिनात मुळातच सांध अगदी कमी. त्यात चढ, दोन माणसांचा भार आणि वंगण अपुरे. पिस्टन फुगला आणि सिलिंडरला धरून बसला. "साहेब, आवाज बदलला तवाच क्लच दाबायचा असतो," ते म्हणाले. आणि मग, "पर मुळात तेल कामून चोरलं?"

एस. टी. मिळाली दोन तासांनी. आम्ही शाळेत पोचलो तेव्हा शिपाई खुर्च्या आत नेत होता. ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली, ते रास्तच होते. सौ.ला नंतर कुठली जागा मिळाली नाही. आधी मुले लहान म्हणून, मग वय उलटले म्हणून. तिने या गोष्टीचा पुन्हा उच्चारही केला नाही. तो केला असता तर मला बरे वाटले असते.

असो. तेव्हा यंदा तेलाचा प्रश्न निघाल्यावर मी कोणाच्याच बाजूने मत दिले नाही. दसरा झाल्यावर उठलो आणि मिस्त्रींकडे गेलो. दुकान आता मुलगा चालवतो. ते खुर्चीवर बसून असतात. त्यांनी पहिला प्रश्न केला, "गाडीसंगं आलेलं पुस्तक वाचलं का?" आमच्यापैकी कोणीच ते उघडले नव्हते!

पहिली गोष्ट, आता गाड्या चार स्ट्रोकच्या. २००० सालच्या धुराच्या नियमांनंतर दोन स्ट्रोकची सद्दी संपत गेली. आता तेल इंजिनाच्या तळाशी साठते, एक लिटरहूनही कमी, आणि पुन्हा पुन्हा फिरते. सिलिंडरच्या आत कारखान्यात मुद्दाम बारीक आडव्यातिडव्या रेघा काढलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासून घासून नेमक्या बसल्या पाहिजेत. म्हणजे पहिले काही शे किलोमीटर थोडी झीज हवीच असते. दुकानदाराची ती इवलीशी बाटली घर्षण कमी करणारी. म्हणजे नेमके होऊ द्यायचे तेच ती अडवणार. ती परत केली. दुकानदाराने तोंड वाकडे केले.

गुरुजींचे सिंथेटिकविषयीचे म्हणणे मात्र सरसकट खरे नाही. कित्येक मोटारी कारखान्यातूनच सिंथेटिक तेल भरून येतात आणि त्यांच्या रिंगा व्यवस्थित बसतात. पण म्हणून पुतण्याचे बरोबर, असेही नव्हे. पहिल्या तेलात झिजलेल्या धातूची भुकटी उतरते. बऱ्याच लहान स्कूटरना कागदी फिल्टर नसतो, नुसती जाळी असते. बारीक भुकटी तिच्यातून निसटून तेलाबरोबर फिरत राहते. तेव्हा महागाचे तेल आधीच ओतून ती भुकटी त्यात कालवायची कशाला? आहे तेच तेल पहिल्या सर्व्हिसपर्यंत चालवावे आणि ती सर्व्हिस मात्र एक दिवसही लांबवू नये.

राहिले जाड तेल. बाटलीवर '१० डब्ल्यू ३०' असते त्यातला डब्ल्यू म्हणजे थंडी. पहिला आकडा गार असताना तेल किती वाहते ते सांगतो, दुसरा शंभर अंशांवरचा दाटपणा. इंजिनाच्या आतल्या उष्णतेपुढे बाहेरचे बेचाळीस अंश ते काय! उलट जाड तेल पहाटेच्या पहिल्या किकला वरपर्यंत उशिरा पोचते. आणखी एक खूण 'एमए' किंवा 'एमबी' अशी असते. मोटारसायकलचा क्लच तेलात बुडालेला, म्हणून तिला एमए. एमबी घातले तर क्लच घसरण्याची भीती. स्कूटरचा क्लच कोरडा, त्यामुळे तिला एमबी चालते. अ‍ॅक्टिव्हासारख्या गाडीला कंपनी १० डब्ल्यू ३० एमबीच सांगते. आमच्या गाडीच्या पुस्तकातही तेच निघाले. विजेवरच्या स्कूटरना हा व्यापच नाही. २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या चेतकला इंजिनच नाही, मग तेल कुठले? मला तिचा हेवा वाटतो.

धाकटी गंगथडीच्या एका गावात उपकेंद्रात नर्स आहे. जाऊनयेऊन चाळीसेक किलोमीटर, दोन्ही बाजूंनी उभा ऊस, आणि बाळंतपणाचा निरोप काही वेळ पाहून येत नाही. मी तिला एवढेच सांगितले: मूठ पुरती पिळू नको, पण मुंगीच्या चालीनेही जाऊ नको, एकाच वेगाला धरून बसू नको, वेग कमीजास्त होऊ दे. फार जपूनही रिंगा बसत नाहीत, हे मला सत्तराव्या वर्षी कळले.

सातशे किलोमीटरांवर पहिले तेल काढले. मिस्त्रींच्या मुलाने ते उन्हात धरले, तेव्हा त्यात चंदेरी कण चमकत होते. सौ. कधी नव्हे ती आमच्याबरोबर दुकानात आली होती. नवे तेल ओतण्याआधी तिने त्या मुलाच्या हातातले माप मागून घेतले, चष्मा वर करून त्यावरची रेघ पाहिली, आणि तेल त्या रेघेला टेकेपर्यंत ती तिथून हलली नाही.