पत्तीचा हुन्नर

लग्नसराईत गेवराई-माजलगावच्या रस्त्यांवरून बँड जातो, तेव्हा ढोल-ट्रंपेटच्या कल्लोळातूनही गाण्याची चाल ओळखू येते ती बहुधा क्लॅरिओनेटमुळे. तिचा काळा देह आणि चकचकीत चाव्या सर्वांना दिसतात. स्वर मात्र जन्मतो मुखाशी बांधलेल्या बोटभर पत्तीतून. तिलाच रीड म्हणतात.

हे वाद्य सुमारे 1700 मध्ये जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथील वाद्यकारागीर योहान डेनर यांनी घडविले. त्याची पत्ती ‘अरुंडो डोनॅक्स’ या वेळूसारख्या उंच गवताची असते आणि दक्षिण फ्रान्समधील व्हार परिसरातील नळी त्यासाठी विशेष नावाजलेली आहे. नळी हिवाळ्यात तोडून दीर्घकाळ वाळवितात, मुरवितात आणि मग उभी चिरतात. खरी परीक्षा पुढे आहे. पत्तीचे बूड सुमारे तीन मिलिमीटर जाड, तर टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतके. मधला कणा किंचित जाड राखून दोन्ही बाजू सारख्या उतरवाव्या लागतात. एका बाजूस केसभर अधिक राहिले की स्वर चिरकतो. सारीच पत्ती जाड राहिली तर फुंकर दमते. आज कारखान्यात यंत्रे हे तासकाम करतात व डब्यावर कठीणपणाचा आकडा छापतात. तरीही एका डब्यातील दहा पत्त्या सारख्या वाजत नाहीत, कारण प्रत्येक नळीतील धागे निराळे.

सनईची पत्ती दुहेरी. बिहारमधील डुमराव परिसरात शोण नदीकाठी वाढणारे नरकट गवत त्यासाठी प्रसिद्ध आहे. बिस्मिल्ला खाँ यांचा जन्मही 1916 मध्ये डुमरावचाच. आपल्या शेजारच्या सोलापुरात पं. सिद्राम जाधव यांनी नावारूपास आणलेली सुंद्री ही सनईहून लहान. वाद्य जितके लहान, तितकी पत्तीतील चूक उघडी पडते, असे मला वाटते.

माझे एक चुलते बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवीत. ते मुद्दाम कठीण पत्ती घेत आणि दाढीच्या ब्लेडने हळूहळू खरवडीत. मध्येच कंदिलासमोर धरून कण्याची सावली पाहत. पत्ती फार मऊ झाली तर टोकाचा अगदी बारीक काप काढीत. वैशाखात आमच्याकडची कोरडी हवा पत्तीच्या टोकाला लाटा आणी. म्हणून ते वाजविण्याआधी पत्ती तोंडात भिजवीत आणि नंतर काचेच्या तुकड्यावर सपाट बांधून ठेवीत. फ्रान्समध्ये हेच काम करणाऱ्यास कारागीर म्हणतात; आमच्या चुलत्यांना गावाने जन्मभर ‘वाजंत्री’ एवढेच म्हटले, आणि पंगतीत शेवटी बसविले.

लादलेली गावकी सोडा, हा बाबासाहेबांचा आदेश आमच्या घराने पाळला. मी शिकलो, शिक्षक झालो, आणि त्याबद्दल मला तिळमात्र खंत नाही. परंतु गावकी आणि हुन्नर या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिली टाकताना दुसऱ्याची साधी नोंदही आम्ही केली नाही. इतिहासाचा विद्यार्थी असूनही मी त्यांना कधी विचारले नाही, की पत्ती आधी कोठे खरवडायची, आणि कोठे हात लावायचा नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी असे वादक अद्याप असतील, तर त्यांनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे. चुलत्यांची पत्र्याची डबी माझ्याकडे आहे. तीत दोन पत्त्या आहेत. एकीचे टोक तुटलेले, दुसरी अर्धवट खरवडलेली.