टाकाऊ सामानातून सरपणाची भक्कम मांडणी

मृग लागण्यापूर्वी आगोटीची बेगमी करण्याचा कोकणातील प्रघात फार जुना आहे. मीठ, मिरची, सुकी मासळी यांच्या जोडीला चार महिन्यांचे सरपणही त्या बेगमीत मोडते. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून पुष्कळ घरांत गॅस आला; तथापि अंघोळीचे पाणी तापविणे, भात उकडणे, गुरांचे आंबोण शिजविणे ही कामे अनेक ठिकाणी अद्याप लाकडावरच होतात. असे असूनही सरपणाची साठवण मात्र बहुधा पडवीच्या कोपऱ्यात जमिनीवर रचलेल्या ढिगाच्या रूपानेच असते. खालचा थर वाळवी खाते, वरचा झडीने भिजतो आणि मधल्या पोकळीत विंचूसर्प राहावयास येतात.

ओल्या लाकडाने होणारे नुकसान सहसा लक्षात येत नाही. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या सुमारे निम्मे पाणी असते. चांगल्या वाळलेल्या लाकडात ते शेकडा २० च्या आसपास येते. उकळीला आलेल्या एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे दहा किलो ओले लाकूड चुलीत घातले, तर त्यातील पाच किलो पाण्याची वाफ करण्यातच बरीचशी आच खर्ची पडते. उरते ती धुमसण, आणि तिचा धूर चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांत व छातीत जातो. म्हणून लाकूड वैशाखाच्या उन्हात वाळविणे जितके अगत्याचे, तितकेच पुढे ते कोरडे राखणेही अगत्याचे आहे.

मांडणीसाठी नवे सामान विकत घेण्याचे कारण नाही. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा घरांचे वासे, रिपा व वाकलेले पत्रे यांचे ढीग वाड्यावाड्यांतून पडले होते. एरव्हीही जुने घर उतरविले, गोठा मोडला की असे सामान निघतेच. त्यातील निवड तेवढी डोळसपणे करावी. वाशावर हातोडीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर लाकूड निरोगी, बद्द आवाज आला तर आतून पोकळ समजावे. टोकाशी सुरी सहज रुतत असल्यास तेवढा भाग कापून टाकावा. जुने खिळे जंबुराने उपटून घ्यावेत. सिमेंटचे जुने पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते कापू अथवा फोडू नयेत, कारण त्यांची धूळ फुप्फुसांस घातक असते. रंगविलेल्या फळ्या मांडणीस चालतात, चुलीत मात्र त्यांचे तुकडेसुद्धा घालू नयेत.

सहा फूट लांब, दीड फूट खोल आणि चार फूट उंच एवढी रास एका मांडणीस पुरे. ही रास दिसते त्याहून पुष्कळ जड असते. वाळलेल्या कठीण लाकडाची ती चार क्विंटलांच्या घरात जाते, ओल्याची त्याहूनही अधिक. एवढा भार खिळ्यांवर सोपविणे ही या कामातील नेहमीची चूक होय. भार दगडाने घ्यावा. जमीन चोपून सपाट करावी, तीवर जांभ्याचे चिरे दोन दोन एकावर एक ठेवून दोन्ही टोकांस व मध्ये अशा तीन जोड्या मांडाव्यात. या चिऱ्यांवर दोन जाड वासे एकमेकांपासून फूटभर अंतराने लांबीच्या दिशेने ठेवावेत. दीड फुटी लाकडे त्यांवर आडवी बसतात. खाली फळ्यांची गरज पडत नाही, आणि हवा खेळती राहते.

प्रत्येक टोकास दोन खांब उभे करावेत. पुढचे सहा फूट व मागचे साडेपाच फूट ठेवल्यास छपरास उतार आपोआप मिळतो. खांब मातीत पुरू नयेत, सपाट दगडावर टेकवावेत. मातीतील लाकूड वाळवीस आयतेच सापडते. पंपाचे जुने लोखंडी नळ असतील तर ते पुरण्यास हरकत नाही. खांब तळाच्या वाशांस खाच पाडून जोडावेत. वाळलेल्या जुन्या लाकडात खिळा एकदम ठोकला तर ते चिरते, यास्तव आधी गिरमिटाने भोक पाडावे. रासेचा रेटा बाहेरच्या बाजूस असतो, म्हणून दोन्ही टोकांचे खांब माथ्याशी लांब आडव्यांनी एकमेकांस जखडावेत. पाठीमागे कोनाकोनांतून दोन तिरप्या पट्ट्या फुलीसारख्या ठोकल्याखेरीज मांडणी डोलण्याची थांबत नाही. ही फुली वगळलेली मांडणी पहिल्याच पावसाळ्यात कलते, आणि खाली खेळणारे पोर असले तर अनर्थ ओढवतो. टोकांना पोफळीच्या चिरलेल्या पट्ट्या लावता येतात.

मांडणीची पाठ नैर्ऋत्येकडे करावी, कारण पावसाची झड तिकडून येते. त्या बाजूस झावळ्यांचा झाप बांधावा. पत्रा चोहोंकडे फूटभर बाहेर काढून गंजरोधक तारेने आडव्यांस बांधावा. नुसता दगड ठेवून भागत नाही, हे वादळाने दाखवून दिलेच आहे. रासेचा माथा व पत्रा यांत वीतभर मोकळी जागा असावी. घराच्या पागोळ्या जेथे पडतात तेथे मांडणी नको, आणि भिंतीपासून दोन फूट अंतर हवे.

रचताना जाड ओंडके खाली व ढलप्या वर घालाव्यात. एका टोकाकडून वापर सुरू करून नवे लाकूड दुसऱ्या टोकास भरावे. म्हणजे जुने आधी संपते.

तळाची मोकळी जागा दर आठवड्यास झाडून काढावी. फुरसे, मण्यार व लाल विंचू यांना पालापाचोळा व अंधार आवडतो. लाकूड दिवसाच काढावे, आधी काठीने हलवावे व पायांत जोडा असावा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिल्यापासून लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ घटले. सर्पदंशावरही प्रतिविष उपलब्ध आहे. दंश झाल्यास मंत्रतंत्रात वेळ न दवडता रोग्यास ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, आणि त्या केंद्राचा दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर पावसाळ्यापूर्वीच लिहून ठेवावा.