धरायला कॅरिअरच नाही

मी सायकल शिकले सातवीत असताना. भाड्याची सायकल, तासाला दोन रुपये, आणि मागं कॅरिअर धरून पळणारा दादा. "सोडू नकोस हं," मी ओरडत होते आणि "नाही सोडत," असं तो म्हणत होता. त्याचा आवाज एवढ्या लांबून का येतोय म्हणून मागं वळून पाहिलं आणि थेट बाभळीत घुसले. तुमच्यापैकी बऱ्याचजणींची गोष्ट थोड्याफार फरकानं अशीच असणार.

त्याच दादानं माझ्या धाकटीला एक सायकल आणून दिली. तिला कॅरिअर नाही. खरं तर सीटसुद्धा नाही. म्हणजे आईनं धरायचं म्हटलं तर धरायचं कुठं?

दादा-वहिनी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतात. २०२३च्या मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडं गेलो होतो. एका शनिवारी वहिनी म्हणाली, "चला, भाच्याचा क्लब बघून या." गावाबाहेर एक मैदान. तिथं ओंडके, मोठाले दगड, माल ठेवायच्या लाकडी पॅलेटचे ढिगारे. आणि त्यावर आठ-दहा वर्षांची पोरं सायकलवरून बेडकासारख्या उड्या मारत होती! कुणालाही घाई नाही. मी तर शर्यत बघायला म्हणून गेले होते, आणि इथं एक मुलगा दगडावर नुसता उभा राहून पाच मिनिटं विचार करत होता.

या खेळाला ट्रायल्स म्हणतात. भराभर जायचं नाही, पाय न टेकता जायचं. जुन्या पद्धतीत पाय टेकला की एक दंडगुण, एका टप्प्यात जास्तीत जास्त पाच. उगम स्पेनमधल्या कातालोनियातला. पेरे पी नावाचे मोटरसायकलवरचे ट्रायल्स खेळाडू होते. त्यांनी आपल्या लहानग्या ओत नावाच्या मुलाला तोच खेळ साध्या सायकलवर शिकवला. तिकडं त्याला 'त्रियालसिन' म्हणायचे, म्हणजे 'मोटरीशिवाय ट्रायल'. हा ओत पुढं जगज्जेता झाला. बायकांचं म्हणाल तर स्वित्झर्लंडच्या करिन मूर आणि स्लोव्हाकियाच्या तातियाना यानिच्कोवा यांनी जागतिक विजेतेपद एकदा नव्हे, अनेकदा मिळवलं आहे. हे सगळं मला नंतर धाकटीनं ऐकवलं, पोळ्या लाटताना, रोज.

त्या दिवशी बाराएक वर्षांची एक मुलगी पाटाएवढ्या दगडाच्या माथ्यावर चढली. पुढं जायला जागा नाही, वळायलाही नाही. तिनं पुढचं चाक हवेत उचललं आणि मागच्या एका चाकावर छोट्या छोट्या उड्या मारत, देवापुढं प्रदक्षिणा घालावी तशी स्वतःभोवती फिरली. तोंड आमच्याकडं झाल्यावर शांतपणे खाली उतरली. माझी धाकटी तेव्हा सातवीत होती. तिनं पापणी हलवली नाही. मी मात्र मनातल्या मनात म्हटलं, बाई गं, हिची आई कुठं आहे?

पुढच्या वर्षी डिसेंबरात दादा नाशिकला आला तो एक खोकं घेऊन. भाच्याची उंची वाढली, त्याला मोठी चाकं लागली, म्हणून जुनी वीस इंची सायकल मामाकडून भाचीला. मागचं टायर चांगलं जाडजूड, त्यात हवा कमी, म्हणजे जमिनीला धरून राहतं. गिअर एकच. मागचा ब्रेक मात्र असा, की एका बोटानं दाबला की चाक जागच्या जागी गच्च. त्यासाठी रिम मुद्दाम घासून खरखरीत केलेली असते आणि ब्रेक लागला की 'चीं' करून अशी किंचाळते की तिसऱ्या मजल्यावर झोपलेल्या सासूबाई दचकून उठतात.

पहिला आठवडा भाच्यानं व्हिडिओ कॉलवरून फक्त पडायला शिकवलं. तोल मागं गेला तर सायकल सोडून पाठीमागं पायांवर उतरायचं. सीट नसते ती याचसाठी, पाय अडकत नाही. मग एका जागी उभं राहणं, दोन्ही चाकांवर उड्या. मग ब्रेक सोडून पायडलला एक झटका, हात ताठ, पुढचं चाक वर, आणि लगेच मागचा ब्रेक गच्च. मागच्या चाकावर दहा उड्या जमायला तिला तीन महिने लागले. पायडलला दाते असतात. दोन्ही नडग्या सोलून निघाल्या. मी हळद आणि शिव्या दोन्ही लावत होते.

पण वळणं काही केल्या जमेना. ती हँडल फिरवायची आणि धप्पकन खाली यायची. पुढचं चाक हवेत असताना हँडल फिरवून सायकल कशी वळणार? भाचा त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगायचा, "आधी डोळे. मग खांदा. मग कंबर. सायकल शेवटी येते." आणि एकदम वळायचं नाही. एका उडीत वीतभरसुद्धा नाही, चार बोटं. गोल पुरा करायला सोळा-अठरा उड्या लागल्या तरी चालतील. डावीकडं तिला हळूहळू जमायला लागलं. उजवी बाजू रुसूनच बसली होती.

सोसायटीत बोलणी सुरू झालीच. पार्किंगच्या फरशा खराब होतात, ही एक तक्रार. दुसरी हळू आवाजातली, लिफ्टमध्ये. "मुलीची जात, दात-बीत पडला तर?" मी ठणकावून सांगायची, "मुलगा असता तर विचारलं असतं का?" इतकी वर्षं महिला मंडळांत भाषणं करतेय, उत्तरं तोंडपाठ आहेत.

तो रविवार मला लख्ख आठवतो. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली धाकटी मागच्या चाकावर, उजवीकडं वळत होती. पहिल्यांदाच. चार उड्या झाल्या, पाच झाल्या. तिच्यामागं एक मोटार रिव्हर्स घेत होती. चांगली लांब होती, आता कबूल करते. पण मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "अगं सांभाळ!" तिनं वर माझ्याकडं पाहिलं. डोळे आले, खांदे आले, सायकल राहिली तिकडंच. ती हातावर पडली.

मनगटाचं हाड. सहा आठवडे प्लॅस्टर.

सगळे म्हणाले, बरं झालं हातावर निभावलं. माझ्या ओरडण्याबद्दल कुणी बोललं नाही. धाकटीही नाही. मीही नाही. मी एवढंच केलं, की सायकलला साखळी लावून ती मागच्या गॅलरीत ठेवली आणि किल्ली डाळीच्या डब्यात टाकली. प्लॅस्टर निघालं, महिना गेला. तिनं किल्ली मागितली नाही. अभ्यासाला बसायची, जेवायची, मला हवी तशी वागायची. त्याचाच त्रास व्हायला लागला.

त्याच सुमारास आमच्या संस्थेनं त्र्यंबकच्या बाजूच्या एका पाड्यावर शाळेतल्या मुलींना सायकली दिल्या. कार्यक्रम संपल्यावर एक आई सायकलचं हँडल धरून माझ्याजवळ आली. सोडायलाच तयार नव्हती. "ताई, घाटाचा रस्ता हाये. पोरगी पडली मंग?"

"पडेल आणि उठेल," मी तत्परतेनं म्हटलं. "किती दिवस धरून ठेवणार?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तुमाला पोरगी हाये का?"

"आहे."

"चालवती?"

मी 'हो' म्हणाले. परतीच्या जीपमध्ये सगळे गाणी म्हणत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले होते.

घरी आल्यावर तांदळाच्या, मुगाच्या, सगळ्या डब्यांत हात घातला. किल्ली सापडेना. धाकटी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "तुरीच्या डाळीत आहे. मला पहिल्या दिवसापासून माहितेय."

"मग घेतली का नाहीस?"

"तू परत ओरडली असतीस."

तेव्हा मी म्हटलं, "त्या दिवशी तू माझ्यामुळं पडलीस." ती "हो," म्हणाली. एवढंच. माफी मागायला मला शब्द सापडले नाहीत. कुकर लावला.

आता रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये दोघी असतो. वेळ सेक्रेटरींशी भांडून ठरवून घेतली आहे, सहा ते सात, आणि खाली जुनी सतरंजी. हेल्मेट आणि नडग्यांचे गार्ड घातल्याशिवाय सुरुवात नाही, एवढी माझी अट. सासूबाईंना अजूनही पटलेलं नाही. त्या वेळी त्या टीव्हीचा आवाज वाढवतात.

तिचीही एक अट आहे. परवा म्हणाली, "आई, तू समोर उभी राहू नकोस. मी तुझ्याकडंच बघते मग. त्या खांबाकडं जा. आणि पाठ कर."

म्हणून मी खांबाकडं तोंड करून उभी असते. वॉचमन हसतो. दिसत काही नाही, नुसतं ऐकू येतं. ब्रेकची 'चीं', मग टायरची थप्, परत थप्. डावीकडची फेरी मला आवाजावरून कळते, ती एका लयीत असते. उजवीकडची अडखळत जाते. काल उजवीकडं मी मोजत होते. अकरा. बारा. मध्ये एक लांब थांबा, पोटात गोळा आला, ओठ घट्ट मिटून घेतले. तेरा. सोळा. सतरा.

अठरावी थप् ऐकू आली. मी वळले नाही. पुढचं चाक टेकल्याचा आवाज अजून यायचा होता.