अफूचें व्यसन व मेथाडोनचा उपचार

अफूपासून केलेल्या हेरॉइनचें व्यसन जडलें म्हणजे तो केवळ मनाचा दुबळेपणा राहत नाहीं. शरीरही त्याच्या अंकित होतें. मात्रा चुकतांच अंग मोडून येतें, ओकाऱ्या होतात. न्यूयॉर्कचे डॉ. डोल व डॉ. निस्वाँडर यांनीं १९६५ सालीं दाखविलें कीं, मेथाडोन हें औषध रोज एकदां पाजल्यास या यातना टळतात. भारतांत हा उपचार २०१२ सालीं सुरू झाला, मुंबईचें के. ई. एम. रुग्णालय आरंभींच्या केंद्रांपैकीं होय.

‘हें तर दुसरें व्यसनच!’ असें कोणी म्हणेल. परंतु डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, ठरलेल्या मात्रेनें रोग्यास धुंदी चढत नाहीं. तो कामधंद्यास लागतो. मधुमेह्याच्या रोजच्या औषधास आपण व्यसन म्हणतों काय? मात्र स्वतःच्या मनानें घेतल्यास तें प्राणघातक ठरतें. म्हणून घरीं असा रोगी असल्यास लाजेनें लपवूं नये, रुग्णालयांत न्यावा.