उद्योजकाचा संगणक, लेखांक ६ : ईमेलला कप्पे हवेतच

मागच्या लेखात कामासाठी स्वतंत्र ईमेल पत्ता का हवा ते पाहिले. आता त्या पत्त्यावर येणारे टपाल नीट ठेवायचे कसे, ते पाहू. सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत किंवा मुसळगावच्या सहकारी औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क करणाऱ्या लहान युनिटचा विचार करा. ड्रॉइंग मेलवर येते, कोटेशन मेलने जाते, पर्चेस ऑर्डरही मेलवरच येते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यता दिली आहे. म्हणजे इनबॉक्स हे युनिटचे दप्तरच आहे, आणि दप्तर मोबाइलच्या एका लांबलचक यादीत सोडून देणे धोक्याचे आहे. ते संगणकावरच्या मेल प्रोग्रॅममध्ये, कप्पे पाडूनच ठेवायला हवे.

थंडरबर्ड हा असा एक मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात नाव, ईमेल पत्ता आणि पासवर्ड भरला की बहुतेक खात्यांचे सेटिंग तो स्वतः शोधतो. जीमेलसाठी गुगलची लॉगिन खिडकी उघडते, परवानगी तिथे द्यायची. कंपनीच्या नावाचा पत्ता असेल, तर सर्व्हरची नावे सेवा देणाऱ्याकडून घ्यावीत. खरा निर्णय पुढेच आहे : आयमॅप की पॉप३? पॉप३ मेल उतरवून घेते आणि सेटिंगनुसार सर्व्हरवरची प्रत काढूनही टाकते. आयमॅपमध्ये मूळ टपाल सर्व्हरवर राहते, म्हणून संगणकावर पाडलेले कप्पे मोबाइलवरही दिसतात. मालक शॉपवर आणि हिशेब पाहणारा ऑफिसात, अशी जिथे विभागणी असते तिथे आयमॅपच घ्यावे.

कप्पे ग्राहकानुसार पाडावेत आणि प्रत्येकाच्या आत २०२५-२६ असे आर्थिक वर्ष ठेवावे. ‘कोटेशन’, ‘बिले’ असे प्रकारानुसार कप्पे केले तर एकाच ऑर्डरची कागदपत्रे चार ठिकाणी विखुरतात. वाद मात्र नेहमी एका ग्राहकाच्या एका ऑर्डरवर होतो. समजा, शाफ्टचे ड्रॉइंग रिव्हिजन बी म्हणून आले, नंतर एका व्यासाचा टॉलरन्स बदलून रिव्हिजन सी आले. माल रिजेक्ट झाला की प्रश्न एकच उरतो : सी कधी आले, ऑर्डरच्या आधी की नंतर? ग्राहकाचा कप्पा तारखेनुसार लावला की दोन्ही ड्रॉइंगे आणि त्यांच्या मधली ऑर्डर एकाखाली एक दिसतात.

यावर पहिला आक्षेप असा, की शोधपेटी असताना कप्प्यांची मेहनत कशाला? शोध उपयोगाचा आहे, पण आपल्याला आठवणारा शब्दच तो शोधतो. पाठवणाऱ्याने विषयात नुसते ‘अर्जंट’ लिहिले आणि ड्रॉइंगची फाइल स्कॅन केलेली असली, तर भागाचा क्रमांक टाकूनही ती मेल बहुधा सापडणार नाही. शिवाय काय आलेच नाही, हे शोध सांगत नाही. कप्पा उघडला की राहिलेली ऑर्डर लगेच लक्षात येते. दुसरा आक्षेप संगणक बंद पडण्याचा. आयमॅपमुळे टपाल सर्व्हरवर सुरक्षित असते, हे खरे. पण संगणकावरून खोडलेली मेल सर्व्हरवरूनही जाते, तेव्हा आयमॅपला बॅकअप समजू नये. थंडरबर्डच्या प्रोफाइल फोल्डरची प्रत दर महिन्याला वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी. जीएसटीची हिशेबपुस्तके आणि नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. बिले मेलवर असतील तर ही प्रत सोय न राहता गरज बनते.

वेळ नाही, हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. म्हणून जुने सगळे टपाल लावत बसू नये. चालू वर्षापासून, सर्वाधिक ऑर्डर देणाऱ्या पाच ग्राहकांचे कप्पे करावेत आणि संध्याकाळी त्या दिवसाच्या मेली त्यांत हलवाव्यात. हे हलवण्याचे काम प्रोग्रॅमकडूनच करून घेणारे फिल्टर कसे लावायचे, ते पुढच्या आठवड्यात पाहू. पण फिल्टरला मेल टाकायला कप्पा लागतो, तेव्हा तोवर हे पाच कप्पे तयार ठेवा.